फुकट शिक्षणाचा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने पदार्थविज्ञानावर लेख लिहिलेला पाहून विज्ञान शाखेचे मित्र हसतील. आपल्या अंकाच्या कन्नड विभागात ज्याला भौतशास्त्र म्हणतात, त्या विषयातले मला दहावीपलीकडचे काहीही येत नाही, हे आधीच कबूल करते. परंतु हा लेख पदार्थविज्ञानाविषयी नाही. ते शिकण्यासाठी परदेशी जाण्याचा जो हिशेब असतो, त्याविषयी आहे. आणि हिशेब हा तर आमचाच प्रांत.

माझी मामेबहीण ऑक्टोबर २०२५ पासून जर्मनीत बॉन विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या एम.एस्सी.ला आहे. मामांचे उद्यमबागेत लहानसे वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि तीन कामगार एवढाच पसारा. बी.कॉम.ला आल्यापासून तिथली रोजकीर्द मी लिहिते. त्यामुळे ताईच्या जाण्यासाठी जो पैसा उभा करावा लागला, तो सगळा माझ्या वहीतून गेला. त्या वहीने मला जे शिकवले ते जायची इच्छा असलेल्या इतरांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा प्रपंच.

'जर्मनीत शिक्षण फुकट असते' हे वाक्य आपल्या कँटीनमध्ये आठवड्यातून एकदा तरी ऐकू येते. ते खोटे नाही. पण जमाखर्चात नुसत्या 'फुकट' या शब्दाला जागा नसते. एखादी गोष्ट कोणाला फुकट, केव्हा फुकट आणि तिच्यासाठी आधी काय अडकवून ठेवावे लागते, हे विचारावे लागते.

जर्मनीच का?

प्रथम देशांचा विचार करू. अमेरिकेत पदार्थविज्ञानाची नुसती एम.एस्सी. करणारे थोडे. तिथली चांगली विद्यापीठे विद्यार्थ्याला सरळ पीएच.डी.साठीच घेतात. खालच्या वर्गांना शिकवण्याच्या मोबदल्यात फी माफ होते आणि वर विद्यावेतन मिळते. पण त्या जागांसाठी सगळ्या जगाशी स्पर्धा असते, आणि स्वतःच्या खर्चाने नुसती एम.एस्सी. करायची तर ती फार महाग पडते. ब्रिटनमध्ये एम.एस्सी. एका वर्षात संपते, पण नामांकित विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याची एका वर्षाची फी बहुधा पंचवीस हजार पौंडांच्या वरच असते.

जर्मनीची रीत निराळी आहे. तिथे पीएच.डी.ला जाण्यापूर्वी एम.एस्सी. लागते, ती दोन वर्षांची. बहुतेक सरकारी विद्यापीठांत तिला शिकवणी फी नाही. त्यापुढची पदार्थविज्ञानातली पीएच.डी. ही बहुधा नोकरीच असते. करार होतो, पगार मिळतो, त्यातून कर आणि विमा कापला जातो. म्हणजे घरच्यांनी पेलायचा भार काय तो दोन वर्षांचा. आमच्या भाषेत सांगायचे तर गुंतवणुकीची मुदत दोन वर्षे, त्यानंतर मिळकत सुरू होण्याची शक्यता.

मात्र ही फीमाफी म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. तिथल्या काही राज्यांनी २००६-०७ च्या सुमारास फी लावली होती, ती २०१४ पर्यंत सगळीकडे रद्द झाली. पुढे बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो फी लावली. पदार्थविज्ञानासाठी प्रसिद्ध असलेले हायडेलबर्ग याच राज्यात येते. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून अशाच विद्यार्थ्यांना एम.एस्सी.साठी सहामाहीला ४,००० ते ६,००० युरो आकारायला सुरुवात केली. तेव्हा नुसते 'जर्मनी' म्हणून भागत नाही; राज्य आणि विद्यापीठ पाहावे लागते. बॉनला शिकवणी फी नाही. सहामाहीला सुमारे ३०० युरो वर्गणी द्यावी लागते आणि तिच्यात बस व स्थानिक रेल्वेचा पास येतो.

दोन वर्षांत काय करतात?

हाइनरिख हर्ट्झ हे नाव विज्ञानवाले आमच्यापेक्षा चांगले ओळखतात. ते १८८९ पासून १८९४ साली मृत्यू येईपर्यंत बॉनला प्राध्यापक होते. विद्युतभारित कण विद्युतक्षेत्राच्या सापळ्यात धरून ठेवण्याच्या पद्धतीबद्दल १९८९ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळालेले वोल्फगांग पाउल हेही तिथलेच. आणि आम्हा वाणिज्यवाल्यांनीही मागे राहू नये, म्हणून सांगते: १९९४ चे अर्थशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांतले राइनहार्ड झेल्टेन बॉनचेच प्राध्यापक होते.

एम.एस्सी.ला एकूण १२० श्रेयांक असतात. एक श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तासांचे काम. त्यात वर्गात बसणे, घरी सोडवणे आणि परीक्षेची तयारी हे सगळे धरलेले असते. वर्षाला ६० श्रेयांक म्हणजे १,८०० तास. पहिले वर्ष व्याख्यानांचे आणि प्रयोगांचे. दुसरे पूर्ण वर्ष संशोधनाचे: आधी विषयाचा शोध, मग पद्धतीची आखणी, शेवटी प्रबंध. म्हणजे अर्धी पदवी एखाद्या संशोधन गटात बसून मिळवायची. आपल्याकडे शेवटच्या सत्रात जो 'प्रोजेक्ट' असतो, त्याच्याशी याची तुलना होत नाही.

ताईला सर्वांत जड गेली ती दर आठवड्याची उदाहरणांची पत्रिका. सोमवारी पाच-सहा उदाहरणे मिळतात, पुढच्या आठवड्यात सोडवून द्यायची आणि फळ्यापुढे उभे राहून समजावून सांगायची. बऱ्याच विषयांत या पत्रिकांत निदान निम्मे गुण मिळवल्याशिवाय परीक्षेला बसूच देत नाहीत. ती फोनवर म्हणाली, "आपल्याकडे मी मार्चमध्ये अभ्यास करून पहिली येत होते गं. इथं मार्चच नाही, रोज मार्च." गुणांची रीतही उलटी आहे. १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण, ५.० म्हणजे नापास.

प्रवेशाचे गणित

आता आपले शेकड्यातले गुण या उलट्या मापात कसे बसवतात ते पाहू. हे सूत्र ज्याने त्याने स्वतः सोडवावे. कमाल गुणांतून आपले गुण वजा करा. कमाल गुणांतून उत्तीर्ण होण्याचे किमान गुण वजा करा. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा.

समजा, तुम्हाला ६८ टक्के आहेत आणि तुमच्या विद्यापीठात ४० ला उत्तीर्ण करतात. वजाबाक्या ३२ आणि ६०. उत्तर येते २.६. आता तेच ६८ टक्के, पण उत्तीर्णतेची मर्यादा ३५ आहे असे धरा. वजाबाक्या ३२ आणि ६५, उत्तर सुमारे २.४८. अनेक अभ्यासक्रम २.५ किंवा त्याहून चांगली श्रेणी मागतात. म्हणजे गुण सारखेच असूनही एक विद्यार्थी दाराबाहेर आणि एक आत! म्हणून आपल्या विद्यापीठाचे किमान गुण कागदावर स्पष्ट लिहून घेणे हे फार महत्त्वाचे काम आहे.

पण टक्क्यांपेक्षाही मोठा अडसर दुसराच आहे. आपल्याकडे बी.एस्सी.ला पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित असे तीन विषय बरोबरीने शिकण्याची पद्धत आहे. जर्मन बी.एस्सी.च्या तीन वर्षांत जवळजवळ सगळे पदार्थविज्ञान आणि त्याला लागणारे गणितच असते. अर्ज तपासणारे लोक पदवीचे नाव पाहत नाहीत. कोणता विषय किती तास शिकला, ते पाहतात. ताईने बी.एस्सी. झाल्यावर दोन विद्यापीठांत अर्ज केले होते. तिला ७४ टक्के होते, तरी दोन्हीकडून नकार आला: पदवीत पदार्थविज्ञानाचा वाटा अपुरा.

मग तिने इथेच दोन वर्षांची एम.एस्सी. केली आणि त्या बळावर पुन्हा एम.एस्सी.लाच अर्ज केला. नातेवाइकांनी विचारले, "एम.एस्सी. करून परत एम.एस्सी.? मग आधीची काय पाण्यात गेली?" पाण्यात गेली नाही, परंतु त्या दोन वर्षांची किंमत फुकट शिक्षणाच्या कुठल्याच जाहिरातीत दिलेली नसते. बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी हे कोणी सांगितले असते, तर तिने निदान अर्ज करायची विद्यापीठे तरी पारखून निवडली असती, असे ती आज म्हणते.

बारा लाखांचे कुलूप

आता मुख्य गोष्टीकडे येते.

जर्मनीच्या व्हिसासाठी एक वर्षाच्या राहण्याजेवण्याचा पैसा आपल्याजवळ आहे, हे आधी सिद्ध करावे लागते. त्याची रूढ वाट म्हणजे गोठवलेले खाते. त्यात सप्टेंबर २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे ११,९०४ युरो एकरकमी भरायचे. तिथे पोहोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो आपल्यालाच परत मिळतात. ही फी नव्हे, खर्चही नव्हे. पैसा आपलाच, फक्त कुलपात. ही रक्कम वाढत आली आहे. २०१९ पर्यंत ती ८,६४० युरो होती.

ताईने हे घरी सांगितले तेव्हा मामांचा पहिला प्रश्न असा होता: "अगं, फुकट म्हणालीस, खरं हे बारा लाख कशाला मागायलेत?"

मामांनी विचारले ते बरोबरच होते. आम्हाला पुस्तकात शिकवतात की नफा आणि रोकड या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नफ्यात चाललेला धंदासुद्धा हातात रोकड नसली की बसतो. परदेशी शिक्षणाचेही तसेच आहे. दोन वर्षांचा एकूण खर्च पाहिला तर जर्मनी स्वस्त आहे. परंतु कोण जाऊ शकतो आणि कोण नाही, हे एकूण खर्चावर ठरत नाही. ठराविक महिन्यात एकरकमी बारा लाख कोणाला उभे करता येतात, यावर ते ठरते. मला या लेखात सांगायचे आहे ते एवढेच, आणि बाकीचे त्याच्या आगेमागे आहे.

आम्ही ते कसे उभे केले? बँकेकडे शैक्षणिक कर्ज मागितले. साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत स्थावर तारण मागत नाहीत, त्यापुढे मागतात. मामांची गावाकडे दीड एकर जमीन आहे. ती तारण द्यायची त्यांची तयारी होती, पण शेतजमीन चालत नाही असे उत्तर मिळाले, आणि घर आजोबांच्या नावावर. तेव्हा कर्ज सात लाखांवर थांबले. तीन लाखांची ठेव मोडली. उरलेले वर्कशॉपच्या खेळत्या भांडवलातून काढायचे ठरले.

इथे एक चूक झाली आणि तिची जबाबदारी थोडी माझ्याकडेही येते. २०२५ च्या फेब्रुवारीत युरोचा भाव ९० रुपयांच्या आसपास होता. मामांची एका गिऱ्हाइकाकडे मोठी येणी थकली होती. ती आली की एकदमच पैसे पाठवू, असे मी सुचवले. येणी जुलैत आली. तोपर्यंत युरो शंभराला पोहोचला होता. युरोमागे दहा रुपये म्हणजे ११,९०४ युरोंमागे १,१९,०४० रुपये. मी ती वजाबाकी तीनदा करून पाहिली. मामा काही बोलले नाहीत. पण त्या महिन्यात कास्टिंग उचलायला पैसे नव्हते म्हणून त्यांनी पंपाच्या भागांची एक ऑर्डर परत केली, आणि एका कामगाराला पंधरा दिवस बसवून ठेवावे लागले.

त्या रात्री वर्कशॉपमधून काढलेली रक्कम कुठल्या खात्यावर टाकू, असे मी मामांना विचारले. ते म्हणाले, "उचल म्हणून लिही. दुसरं काय लिहिणार?" मालकाने स्वतःसाठी काढलेली रक्कम म्हणजे उचल, ती भांडवलातून वजा होते. शास्त्राप्रमाणे नोंद बरोबर होती. तरीही ती लिहिताना मला जड गेले.

गोठवलेल्या रकमेशिवाय किरकोळ वाटणारे खर्चही जमा होत जातात. भारतीय पदव्यांची छाननी करून घेणे नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचे आहे. त्याचे १८,००० रुपये. व्हिसाचे ७५ युरो. इंग्रजीची परीक्षा, विमानाचे तिकीट, थंडीचे कपडे. काही विद्यापीठांचे अर्ज एका मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. तिथे पहिल्या अर्जाला ७५ आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो लागतात. आमचे हे सगळे मिळून दीड लाखाच्या आत बसले. त्यातले काही हजार मात्र एका सल्लागाराला गेले, आणि त्याने केलेले प्रत्येक काम विद्यापीठाचे नियम शांतपणे वाचून ताईला स्वतःला करता आले असते.

तिथे गेल्यावर

महिन्याच्या ९९२ युरोंत भागते का? विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली तर तीनशे-चारशे युरो जातात. आरोग्यविमा सक्तीचा; त्याचे दरमहा १४० च्या वर. जेवणखाण घरी करून दोनशे. भागते, पण शिल्लक फार राहत नाही. ताईला पहिले सहा आठवडे वसतिगृह मिळाले नव्हते आणि त्या काळात तिचे गणित पार कोलमडले होते.

काम करण्याची मुभा आहे: वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. जानेवारी २०२६ पासून तिथले किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. आठवड्याला दहा तास काम केले तर महिन्याला सुमारे ६०० युरो होतात. पण वर सांगितलेल्या १,८०० तासांत हे तास कुठून आणायचे, हा प्रश्न उरतोच. ताईने पहिल्या सत्रात काम घेतले नाही. दुसऱ्या सत्रापासून ती विभागातच खालच्या वर्गाच्या उदाहरणपत्रिका तपासते. विद्यापीठातले असे काम त्या दिवसांच्या मर्यादेत धरत नाहीत, आणि त्याने विषयही पक्का होतो. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी अठरा महिने राहण्याची परवानगी मिळू शकते.

भाषेविषयी थोडे सांगते. वर्गात इंग्रजी चालते, पण घरमालकाचे पत्र, नगरपालिकेतली नोंदणी आणि दवाखाना जर्मनमध्ये. आम्ही दोघी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. इंग्रजीची भीती कॉलेजात आल्यावर हळूहळू गेली. तेव्हा आणखी एक भाषा कशी जमणार, असे घरच्यांना वाटले. ताईचे म्हणणे मात्र उलट आहे. बेळगावात वाढलेल्या माणसाला एका दिवसात तीन भाषा बदलायची सवयच असते. शिवाय जर्मनमध्ये मराठीसारखी तीन लिंगे आहेत आणि वस्तूचे लिंग पाठच करावे लागते. आकडेही आपल्यासारखे: एकवीस म्हणताना ते आधी 'एक' म्हणतात आणि मग 'वीस'. कन्नडमध्ये 'इप्पत्तोंदु' म्हणताना वीस आधी येते, तसेच इंग्रजीतही. बरोबरचे इतर देशांतले विद्यार्थी आकडे ऐकताना गडबडायचे तेव्हा ताईला काहीच वेगळे वाटले नाही.

शेवटी

विज्ञान शाखेच्या मित्रांना एका वाणिज्यवालीची एवढीच विनंती आहे. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षीच, जिथे जायचे त्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम आपल्याशी ताडून पाहा, आणि कमी पडणारे विषय वेळेवर भरून काढा. प्रत्येक विषयाचे तास आणि पाठ्यक्रम लिहिलेला कागद विभागाकडून शिक्क्यासह घेऊन ठेवा. घरी पैशांचा विषय काढायचा तो प्रवेशाचे पत्र हातात पडल्यावर नव्हे. दोन वर्षे आधी. त्यात 'एकूण किती' याबरोबर 'कोणत्या महिन्यात किती' हेही सांगा. कर्जाची परतफेड बहुधा शिक्षण संपून एक वर्षाने सुरू होते, परंतु व्याज पहिल्या दिवसापासून चढते, हे विसरू नका. प्राध्यापक मंडळींनीही वर्षातून एखादा तास या हिशेबासाठी दिला, तर कितीतरी मुलांची वर्षे वाचतील.

हे सगळे एवढ्या खटाटोपाचे आहे का? ताईच्या पुरते उत्तर मला अजून देता येत नाही. तिचे संशोधनाचे वर्ष यायचे आहे. मागच्या महिन्यात एका उदाहरणपत्रिकेत तिला पूर्ण गुण मिळाले. तिने त्या कागदाचा फोटो पाठवला. मामांना त्यातले एक अक्षर कळत नाही, तरी त्यांनी तो मोठा करून घेऊन कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे.

दुसऱ्या वर्षाच्या परवान्यासाठी पुन्हा पैसा दाखवावा लागेल. या वेळी आम्ही थांबलेलो नाही. प्रत्येक बिल वसूल झाले की त्यातला ठरलेला भाग बाजूला पडतो, आणि दर महिन्याला थोडे थोडे युरो पाठवले जातात. वहीत मी त्याला निराळे पान दिले आहे. वर नाव लिहिले आहे 'बॉन खाते'. मामांनी ते पाहिले आणि म्हणाले, "उचल नाही लिहिलीस?"

मी म्हटले, "नाही मामा, या वेळी आधीच तरतूद केली आहे."